मुखवट्यांच्या गावात स्नेहल

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. पाडुआ, इटली

पोचलो एकदाचा! विमानतळावर स्नेहल धावत आली आणि सगळ्यांदेखत गळ्यात पडली. बारीक झालीय. की कोटच मोठा आहे?

चंद्राला व्हिडिओ कॉल लावला. "पोरीचं तोंड दाखवा आधी, तुमचं मी रोज बगते!" सुनेचे दिवस भरत आलेत म्हणून ती मागे राहिली. नाहीतर आमची चंद्रभागा माझ्या आधी विमानात बसली असती.

२२ फेब्रुवारी

खोली लहान, पण नीटनेटकी. जेवताना विचारलं, "पीएच.डी. कधी पुरी होईल गं?"

"होईल, पप्पा. भाजी घ्या."

तिला सांगितलं — यंदाच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पत्रिकेत तुझं नाव 'डॉक्टर' लावूनच छापायचं ठरवून आलोय. अख्ख्या भिसेगावात आमच्या आळीतली पहिली डॉक्टर! रसायनशास्त्राची! माझे वडील अंगठा उठवायचे. मी आयटीआय करून भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये लागलो, तर त्यांनी गावभर पेढे वाटले होते. आज असते तर?

ती ताटाकडे बघत होती. लाजली असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

व्हेनिस! काय लिहू आणि किती लिहू!

गाडीतून उतरलं की समोर पाणीच. रस्ते पाण्याचे, बस म्हणजे होडी. आणि माणसं? इथला मुखवट्यांचा सण चालू, म्हणून सगळी मुखवटे घालून! पांढरे, सोनेरी, चोचीचे. त्या चोचवाल्याला बघून मी दचकलो, तर त्याने मलाच वाकून नमस्कार केला. एक सत्तरीची बाई पिसांची टोपी घालून राणीसारखी चालत होती, आणि तिचा नवरा मागून तिचा घोळ सांभाळत. मनात म्हटलं, बघ चंद्रा, इथंही तेच.

लहानपणी शिमग्याला गावात सोंगं यायची. आजोबा मला दाराआड धरून ठेवायचे. "तो सण आपण सोडला." फटीतून दिसेल तेवढं बघायचं. आज साठी उलटल्यावर मनसोक्त बघितलं!

पिठाचे गोड तळलेले गोळे खाल्ले. आपले गुलगुलेच. सहा खाल्ले. स्नेहलने मोजले.

२४ फेब्रुवारी

पाय दुखतात. स्नेहल लॅबला. पुन्हा जायचं म्हटलं तर म्हणते, "एकटे नको हं पप्पा, हरवाल." एकतीस वर्षं पॉवर हाऊसमध्ये काढलेला माणूस मी. हरवेन?

२५ फेब्रुवारी

हरवलो.

तिला न सांगता गेलो होतो. दोन पूल ओलांडले, तीन बोळ फिरलो, आणि पुन्हा त्याच विहिरीपाशी! चौथ्यांदा घामच फुटला. एका मुखवट्यांच्या दुकानासमोर निळ्या झग्यातली, सोनेरी मुखवट्याची बाई गिऱ्हाइकांना बोलवत उभी होती. तिला विचारलं, "स्टेशन? ट्रेन?" ती नुसती बघत राहिली. मी पायरीवर बसलो आणि आपलाच आपल्याशी पुटपुटलो — गाव सगळं पाण्यात, आणि प्यायला थेंब नाही, च्यायला!

बाई आत गेली. पाण्याची बाटली घेऊन आली.

मग हाताला धरून निघाली. मुकाट. वाटेत मी आपल्या मोडक्या इंग्रजीत बडबडत होतो — माय डॉटर, पाडुआ, डॉक्टर, व्हेरी बिग डॉक्टर! तिने मान हलवली. होडीच्या धक्क्यापर्यंत आणून सोडलं. मी "थँक्यू मॅडम" म्हटलं. तिने माझा मफलर नीट गुंडाळून दिला आणि वळली.

होडी सुटली आणि मग डोक्यात उजेड पडला. पाणी मी मराठीत मागितलं होतं. तेही स्वतःशी.

संध्याकाळी स्नेहल घरी आली. "दिवसभर काय केलंत?"

"बागेत बसलो होतो."

ती कोट काढत म्हणाली, "बरं केलंत. माझाही दिवस लॅबमध्येच गेला."

दोघंही खोटं बोललो. माझं खोटं तिला ठाऊक आहे. तिचं मला.

२६ फेब्रुवारी

चंद्राचा फोन. "पोरगी बरी हाय ना?" बरी आहे म्हटलं. हे तिला कसं सांगायचं? मोडून पडेल ती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. या वेळी वाट विचारत विचारत.

दुकानाच्या काचेतून बघितलं. मुखवटा नव्हता, झगा नव्हता. स्नेहलच. अंगाला ॲप्रन, गालाला रंग, हातात बारीक कुंचला. शेजारी एक म्हातारी कागदाचा लगदा साच्यात दाबत होती. काहीतरी बोलली, तर स्नेहल मान मागे टाकून हसली. असं हसताना तिला शेवटचं कधी बघितलं, आठवेना.

तेवढं बघून परत फिरायला हवं होतं. मी दार ढकललं.

तिचा चेहराच उतरला. "पप्पा..."

"केव्हापासून?"

"दीड वर्ष."

"आणि पीएच.डी.?"

"सोडली. नाही जमत होतं, पप्पा."

"मुखवटे रंगवायला शिकवलं होतं काय तुला?"

बोलून गेलो. म्हातारीला भाषा कळली नाही, पण आवाज कळला. तिने कामावरचे हात थांबवले आणि स्नेहलच्या बाजूला येऊन उभी राहिली. माझ्या लेकीच्या बाजूला, माझ्यापासून तिला राखायला!

एकटाच परत आलो.

२८ फेब्रुवारी

मी बोललो नाही. तीही नाही. पोळ्या मात्र गरम वाढल्या.

१ मार्च, शनिवार

पहाटे जाग आली तर ती कामावर जायला निघाली होती, आवाज न करता, बूट हातात घेऊन. माझी झोप मोडू नये म्हणून.

"थांब. मी पण येतो."

दुकानात गेल्यावर म्हातारीने — बियांकाबाई नाव तिचं — मला नखशिखांत न्याहाळलं. खुर्ची नाही दिली. मीच उभ्या उभ्या छताकडे बघत होतो, तर मागचा दिवा फडफडताना दिसला. स्नेहलला म्हटलं, "स्क्रू ड्रायव्हर आहे का गं?" जोड सैल होता. मेन बंद करून दहा मिनिटांत केला. मग दुसरा बघितला. दुपारपर्यंत चार! बियांकाबाई कॉफी घेऊन आल्या. खुर्चीही मिळाली.

येताना स्नेहलला विचारलं, "तो सोनेरी मुखवटा सुरुवातीपासून तूच केलास?"

"हो. लगद्यापासून. अकरा दिवस लागले."

"नाक फार छान उतरलंय."

ती रडायला लागली. भर गाडीत. मी खिडकीबाहेर बघितलं आणि हात तिच्या डोक्यावर ठेवला.

२ मार्च

सरस, कागद, साचा. कागदाचे पापुद्रे उलटसुलट लावायचे, बोटाने हवा काढायची. माझा पहिला मुखवटा वाकडा झाला. बियांकाबाई हसून हसून बेजार! स्नेहलने भाषांतर केलं — "म्हणतायत, हा तुमच्यावरच गेलाय."

४ मार्च, मंगळवार

सणाचा शेवटचा दिवस. दोघींनी मिळून मला काळा डगला चढवला, वर पांढरा मुखवटा. कर्जत-भिसेगावच्या जगदीशला कोण ओळखणार! स्नेहल निळ्या झग्यात. मोठ्या चौकात बापलेक हातात हात घालून फिरलो. लोक फोटो काढत होते. एका पोरीने विचारलं, तुम्ही कुठल्या देशाचे? मी खणखणीत सांगितलं — कर्जत!

मग स्नेहलला म्हटलं, "पत्रिकेत डॉक्टर नको छापायला. नुसतं स्नेहल."

तिने मुखवट्याआडून विचारलं, "लाज नाही ना वाटणार, पप्पा?"

"तुझी? छे गं."

खरंच नाही वाटत. आज तपासून बघितलं.

आता फक्त चंद्राला सांगायचं राहिलं.

५ मार्च

सकाळी सांगितलं. धीर गोळा करून, हळूहळू, जपून.

चंद्रा ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. 'आई, मला जगायचंच नाय' म्हणाली होती तवा. मीच म्हनलं, सोड ते शिक्षण. आमाला डाक्टर नको, तू पायजेस. दोन महिने रोज दुपारी बोलायचे मी तिच्यासंगं, तुमी पेपर वाचत असायचात तवा."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"अवो, ऐकताय ना? पोरीवर ओरडला नाय ना तुमी?"

आत स्नेहल चहा ठेवत होती. कपांचा आवाज येत होता. फोन कानाला धरून मी तो ऐकत उभा राहिलो.