अबोल माणसाचे पावणेचार तास

प्रिय यार्नो,

शनिवारी बाबा तळ्यावर पावणेचार तास बोलत होते. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून आधीच सांगते की हे मी एकटी म्हणत नाही. इनारी सामीच्या, म्हणजे आजीच्या भाषेच्या वर्गाच्या बाई मारित यांनी सगळं ध्वनिमुद्रण बसून ऐकलं आणि काल फोन करून तासांची खात्री दिली. वर विचारलं, "सायला, तुझे वडील मध्ये श्वास कधी घेतात गं?"

हो, आपलेच बाबा. आईला पोचवून आल्यावर कॉफीच्या टेबलाशी सगळ्यांदेखत तू ज्यांना म्हणालास, "जन्मात तुम्ही मला एक शब्द दिला नाहीत", आणि त्यावरही जे गप्पच राहिले, तेच. त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून तुझा त्यांना फोन नाही. तुला मुलगी झाली हेही त्यांना माझ्याकडून कळलं. "बरं," म्हणाले आणि लाकडं फोडायला गेले. तुझा राग मला तेव्हाही समजला होता, आजही समजतो. फक्त हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आपल्या देशात न बोलणाऱ्या पुरुषाला कुणी कारण विचारत नाही, उलट शहाणा समजतात. शेजारचा एस्को बाबांना म्हणायचा, "तुमच्याकडे बसलं की कान विसावतात बुवा." आपणही तेच धरून चाललो, स्वभाव आहे म्हणून. बाबांना आजीची भाषा येते हे माहीत होतं, जसं त्यांचा डावा गुडघा दुखतो हे माहीत होतं. त्यावर बोलायचं काय?

मग हिवाळ्यात रिक्का आली. दक्षिणेतल्या सावोकडची नर्स आहे, तिशीतली. इथल्या म्हाताऱ्यांना शेवटच्या दिवसांत त्यांच्याच भाषेत "कुठे दुखतंय" विचारता यावं म्हणून वर्षभराची रजा काढून ही भाषा शिकते आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका जाणत्या माणसाबरोबर काम करायचं, त्याचं बोलणं वर्गासाठी मुद्रित करायचं, आणि त्या वेळात फिन्निशचा एक शब्द काढायचा नाही, असा मारितचा नियम. बाबांनी दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा ही बया सरळ अंगणात येऊन उभी राहिली. सावोची माणसं, दगडालाही बोलतं करतील! बर्फाखालचं जाळं ओढायला बाबांना माणूस हवाच होता. मानेने "ये" म्हणाले. पहिल्या दिवशी तासभर दोघं मुकी. मग रिक्काच्या हातून बर्फ फोडायची पहार निसटली आणि गेली थेट तळाला. आजोबांची पहार! बाबांनी तोंड उघडलं ते बंदच होईना. घरी येऊन ती मला आनंदाने सांगत होती, "अगं, केवढ्या शिव्या दिल्या मला! तीन कळल्या!"

शनिवारी मीही गेले, कॉफीचा थर्मास घेऊन. यार्नो, मी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि तो माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आवाज वेगळा, जरा वरच्या पट्टीतला, लवचिक. हात चालत होते. पाद्रीबुवांची नक्कल केली, मग बहुतेक कुणा नखरेल आत्याची, कारण मिठी मारायला आल्यासारखे हात पसरून ते बर्फावर चक्क ठुमकले. रिक्का हसता हसता स्लेजवर बसली. जाळ्यातून सीका मासे निघत होते, आणि त्यांच्या तोंडून ते बोलणं निघत होतं तसंच, ओलं, चमकणारं, एकामागून एक. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि जागचं हलवत नव्हतं. चर्चमध्येही मी कधी अशी उभी राहिलेली नाही. कॉफी ओतताना मी फिन्निशमध्ये विचारलं, "काय सांगत होतात एवढं?" त्यांचा चेहरा मिटला. म्हणाले, "माशांचं."

परतताना गाडीत रिक्काने ओले हातमोजे हीटरवर वाळत घातले. मग म्हणाली, "मासे कसले? निम्मा वेळ तुझ्या भावाबद्दल बोलत होते." तिला अर्धंमुर्धं कळलं होतं, बाकीचं काल मारितनी फोनवर सांगितलं. तुझा जन्म झाला तेव्हा आई दमून झोपायची आणि बाबा तुला खांद्यावर घेऊन खिडकीशी फेऱ्या मारायचे. तळ्यातल्या एकेका बेटाचं नाव तुला सांगायचे, कुठे आजोबा वादळात अडकले, कुठे अस्वल पोहत आलं. सगळं त्यांच्या भाषेत. आठ महिने, यार्नो. मग बाळाला तपासायला येणारी नर्स म्हणाली की दोन भाषांनी पोर मंद होतं, एकच धरा. त्याच भाषेपायी बाबांनी सातव्या वर्षापासून शाळेच्या वसतिगृहात छड्या खाल्ल्या होत्या. त्यांना वाटलं, बाई शिकलेली आहे, खरंच सांगत असेल, निदान पोराचा मार तरी वाचेल. फिन्निश धरली. पण वसतिगृहात शिकलेल्या भाषेत लाड करायचे शब्द त्यांच्याकडे नव्हते. तिथे ते कुणी शिकवलेच नव्हते. मी झाले तोवर ते गप्प झालेले होते. माझ्या वाट्याला ते आठ महिनेही आले नाहीत. हे लिहिताना तुझा हेवा वाटतो, लपवत नाही.

तू लिहिलं होतंस की तुझी लिनेया बाळाशी स्वीडिश बोलते, तू फिन्निश, आणि तिकडे तुर्कूत बाळाला तपासणारी नर्स कौतुक करते, दोन भाषा म्हणजे केवढं भाग्य. ते मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. काल दुपारी ते माझ्या दारात आले, टोपी हातात. त्यांच्या तुटक फिन्निशमध्ये म्हणाले, "यार्नोला विचार. तिसरी चालेल का? पोरीला बाधणार नाही ना?" यार्नो, त्यांना खरंच भीती वाटते आहे. हे विचारायलाच मी पत्र लिहिलं. रविवारी अकरा वाजता ते तुला फोन करतील. माफी मागणार नाहीत, तुझ्याशी फिन्निशमध्ये बहुधा काहीच बोलणार नाहीत, म्हणून फोन ठेवून देऊ नकोस. तो बाळाच्या पाळण्यात ठेव, आणि तूही तिथेच बस. कळणार तुलाही काही नाही. मारित म्हणतात, ते बेटांपासून सुरू करतील.

तुझीच,
सायला