इंजिन रुळेपर्यंत

ब्रायर हिल क्षयरोगधाम, ओहायो
ता. ११ एप्रिल १९३९

ती. लविनाताईस,
मेरिलचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले लोकरी मोजे पोचले. आमच्या खाटा बारा महिने उघड्या व्हरांड्यात असतात, त्यामुळे मोज्यांचं इथं फार कौतुक. शेजारच्या खाटेवर साबोकाका आहेत, हंगेरीतून आलेले कोळसा खाणीतले कामगार. ते म्हणाले, अशी बहीण असती तर मी आजारी पडलोच नसतो.

आता मुद्द्याचं. डॉ. आमस्टुट्झ म्हणतात की नुसतं पडून राहून उजवं फुप्फुस भरून येणार नाही. त्या बाजूच्या काही बरगड्या काढून ते कायमचं दाबून निजवावं लागेल. मी नको म्हणालो. कापूनकुपून उरलेला भाऊ तुझ्या गळ्यात पडण्यापेक्षा आहे तो बरा. यावर उपदेशाचं पत्र नको.

एक काम मात्र कर. तळघरात मी बनवलेलं पिवळ्या रेशमाचं छोटं विमान टांगलंय आणि कपाटात त्याचं पेट्रोलवरचं इंजिन आहे, एकदाही न चाललेलं. दोन्ही आमच्या छोट्या विमानांच्या क्लबातल्या ओटिस किमेलला देऊन टाक. तो त्यांचं चीज करील.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
मेरिल


डेटन
ता. १७ एप्रिल

चि. मेरिल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उपदेश नको म्हणालास, नाही करत. ओटिस येऊन गेला. त्याला सफरचंदाचा केक खाऊ घातला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. चालतं की नाही हे ठाऊक नसलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, हे मला पटत नाही. म्हणून मी इंजिन धुण्याच्या बाकावर बोल्टांनी आवळून बसवलं, तुझी बॅटरी जोडली, पेट्रोल भरलं आणि त्याच्या तोंडाशी असलेला पंखा हाताने फिरवत बसले.

शनिवारची अख्खी दुपार गेली. दुकानात दिवसभर कापड कापणारा माझा हात, तोही खांद्यातून निखळायची वेळ आली. इंजिनाला एकदा शिंक आली, तेवढंच काय ते बोललं. पेट्रोल सगळं माझ्या बुटांवर ठिबकलं. शेजारच्या डसेलबाई तळघराच्या खिडकीतून डोकावून म्हणतात कशा, की लविना, एवढ्याशा पंख्याने तुला वारा तो कितीसा लागणार?

तर शहाण्या, काय चुकतंय ते कळव. ओटिसला विचारलं असतं, पण तो सांगायच्या आधी हसतो.

जेवण टाकू नकोस. माया आहेच.

तुझी
लविनाताई


ब्रायर हिल
ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून असा हसलो की उबळ आली आणि नर्सने पत्रच काढून घेतलं. आज परत दिलं. अगं बाई, तू इंजिन बुडवलंस! पेट्रोल ओतत राहिलं की पेटायला ती काय शेगडी आहे?

आधी प्लग काढून कोरडा कर. पेट्रोल कमीजास्त सोडणाऱ्या सुईचा स्क्रू पूर्ण बंद करून पंखा नुसता फिरव, म्हणजे आत साचलेलं बाहेर पडेल. ठिणगीच्या पॉइंटमधून, म्हणजे उघडझाप करणाऱ्या त्या दोन टोकांमधून, कोरा कागद ओढून घे. तिथं तेलाचा थेंब बसला तरी ठिणगी मरते. मग प्लग बसव, सुई थोडी उघड, हवेच्या तोंडावर बोट धरून पंखा हलकेच फिरव. नळीत पेट्रोल चढलेलं दिसलं की बोट काढ. ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा दांडा मागे ओढ, नाहीतर पंखा उलटा येऊन बोटं फोडील. आता झटका दे आणि हात लगेच मागे घे. झटका मनगटातून, खांद्यातून नव्हे.

सुरू झालं की हुरळून जाऊ नकोस. नवं इंजिन आवळ असतं, दट्ट्याची आणि सिलिंडरची अजून ओळख नसते. पेट्रोलमध्ये तेल सढळ हाताने घाल, सुई सैल ठेव, अडखळत धूर ओकत चालू दे. थोडं चालव, बंद कर, हाताला गार लागलं की परत चालव. घाईने सुई आवळलीस तर आवाज मोठा झोकात चढेल, आणि मग तापून दट्ट्या जागीच धरेल. ओटिसने अशी इंजिनं मारलीत. विचार त्याला, बघू हसतो का.

पुरे. नर्स डोळे वटारतेय.

लोभातला
मेरिल


डेटन
ता. ८ मे

चि. मेरिल यास,
अ. आ. वि. वि.

चाललं रे, चाललं! आशीर्वादाच्या आधीच हे लिहिणार होते.

पहिल्यांदा दांडा मागे घ्यायला विसरले. पंखा असा सणकन बसला की आठवडाभर कात्री डाव्या हातात धरली. दुसऱ्यांदा तू सांगितलंस तसंच सगळं केलं. मनगटातून झटका दिला आणि ते एकदम भुंकायलाच लागलं. मी घाबरून मागे सरले ती धुण्याच्या टबात बसले. हे ओटिसला सांगू नकोस.

रोज दुकानातून आले की थोडा वेळ चालवते. आधी पंखा फिरवताना हाताला अडायचा, आता उसळी घेऊन परत येतो. ओटिस येऊन म्हणाला, असं रडतखडत काय चालवतेस, आवळ ती सुई. मी म्हटलं, ओटिस, बाक माझा आहे, सुईला हात लावायचा नाही. तरी त्याने लावलाच. आवाज चढला, सुंदर चढला, पण त्यात एक कोरडेपणा आला, बोथट कात्री कापडाला चावते ना, तसा. मी झटकन सुई सैल केली. ओटिस आधी फुरंगटला, मग वाकून सिलिंडरजवळ हात नेला आणि ओढून घेतला. म्हणाला, लविना, तुझा कान मला देतेस का?

काल मात्र मीच आवळली, केसाएवढी, मग अजून केसाएवढी. अडखळणं थांबलं. दांडा पुढे सरकवला आणि जाडं कापड एका दमात फाडल्यासारखा सरळ, अखंड आवाज लागला. दोरीवरचे चिमटे नाचायला लागले. मेरिल, काय वस्तू आहे ही! मुठीत मावते आणि सगळं तळघर हलवते. तुम्ही पोरं हिच्यासाठी जेवण का विसरायचात ते मला आता कळलं.

डॉक्टरांना मी एक पत्र लिहिलंय. तुझ्या छातीबद्दल नाही, तेव्हा चिडू नकोस.

आशीर्वाद पुष्कळ.

ताई


ब्रायर हिल
ता. १४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र व्हरांड्यात मोठ्याने वाचलं गेलं. आता रोज कुणीतरी विचारतं, इंजिन कसं आहे? माझी तब्येत विचारायचं सगळ्यांनी सोडलंय. सुई कधी आवळायची हे पत्रातून शिकवता येत नाही, ताई. क्लबातल्या इंजिनांवर मला ते यायला दोन उन्हाळे लागले. तुला आलं.

तुला म्हणून सांगतो. त्या शस्त्रक्रियेत माणसाला पूर्ण झोपवत नाहीत. बरगडी कापल्याचा आवाज स्वतःला ऐकू येतो. साबोकाकांची झालीय, ते म्हणाले, हो, येतो. पण पुढे असंही म्हणाले की पोरा, मी तो ऐकला म्हणूनच आज तुझी बडबड ऐकतोय.

ओढ आहेच, तीही वाढतेय.

मेरिल


डेटन
ता. ३० मे

चि. मेरिल,
आ. वि. वि.

येत्या रविवारी दुपारची विश्रांती संपली की तुझी खाट खालच्या कुरणाकडे वळवून घे. डॉक्टरांची परवानगी आहे. त्यांची अट एकच, तू ओरडायचं नाहीस.

ताई


ब्रायर हिल
ता. ५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल भेटीची वेळ संपली म्हणून तुला जावं लागलं आणि माझं सगळं तोंडातच राहिलं.

तू कुरणात आलीस, ओटिसने विमान धरलं, तिथपासून मी पाहत होतो. इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. इथवर आवाज ऐकून मला कळलं की पेट्रोल कमी पडून ते उपाशी मरतंय. सुई उघड, ताई, सुई उघड, असं ओरडायला मी अर्धा उठलो, तर नर्सने खांदा दाबला. तेवढ्यात तू वाकलीस आणि सुईच उघडलीस! साबोकाकांनी मांडीवर थाप मारली.

मग ते लागलं. तू म्हणालीस तसंच, कापड फाडल्यासारखं. तू थोडी पळालीस आणि हाताने सोडून दिलंस. विमान उजवीकडे वळत वळत चढलं. उन्हात रेशमातून आतल्या काड्या दिसत होत्या. मी गोंदाने एकेक चिकटवलेल्या काड्या, ताई! ठरल्याप्रमाणे टायमरने इंजिन बंद केलं आणि सगळीकडे शांत झालं. ज्यांना उठायची मनाई आहे ते सगळे कठड्याशी उभे होते आणि नर्सही वर पाहत होती, कुणाला बोलणार? गरम हवेने ते उचललं, आमच्या छपरावरून नेलं आणि सफरचंदाच्या बागेकडे उतरवलं. ओटिसला ते झाडावर सापडलं, एक पंख फाटला, एवढंच, असं आज कळलं.

संध्याकाळी डॉक्टर फेरीवर आले तेव्हा मी म्हणालो, तारीख द्या. भीती गेली असं समजू नकोस. मला ते इंजिन जवळून ऐकायचंय, दुसरं काही नाही.

मेरिल


ब्रायर हिल
ता. २ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. बरगड्या दोन खेपांना काढल्या, दोन्ही वेळच्या जखमा भरल्या. थुंकीत जंतू नाहीत, असं डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी मला घरी सोडणार आहेत. उजवा खांदा खाली बसलाय, सदरे तुला नव्याने बेतावे लागतील. तो हात कोपरापर्यंत माझं ऐकतो, पुढे त्याची मर्जी. पंख्याला झटका देणं आता माझ्याकडून व्हायचं नाही. डॉक्टरांना वाटलं मला वाईट वाटेल. वाटलंही, दोन दिवस.

तर असं ठरवलंय. क्लबात नाव तुझं घाल. कुरणात तू पुढे बस, सुई तुझी, ठिणगी तुझी, झटका तुझा. मी मागे डाव्या हाताने शेपूट धरून उभा राहीन, आणि तू सोड म्हणेपर्यंत सोडणार नाही.

तुझा
मेरिल