चार बोटं खाली

३ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझ्या कलादालनाचा पन्नास वर्षांचा इतिहास पोचला. वहिनीला, म्हणजे तुझ्या जन्मदात्रीला, आता दिसत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवला. छत्तीस पानं. तुझे बाबा संस्थापक, द्रष्टे आणि काय काय. वहिनी कुठे, तर शेवटच्या पानावर, ‘कुटुंबीयांचे सहकार्य’ यात. ऐकून झाल्यावर तिने पानावरून हात फिरवला आणि कागद छान आहे म्हणाली. बस्स, एवढंच.

माझा भाऊ गुणी होता, पण उभ्या जन्मात त्याने एक खिळा ठोकला नाही. तो दारात पाहुण्यांशी गप्पा मारी. भिंतीशी हातोडी घेऊन वहिनी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. आणि तू लिहितोस, इतरांपेक्षा चार बोटं खाली चित्रं लावणं हा बाबांचा ‘क्रांतिकारी विचार’! विचार कसला डोंबलाचा! स्वयंपाकघराच्या चौकटीवर तुम्हा सगळ्यांच्या उंचीच्या रेघा आहेत. तिची रेघ मोज, मग दालनात जाऊन मोज.

शाळेत सिस्टर सांगत, खरं गाळणं हेही खोटंच. वीस तारखेच्या समारंभाला तिला आणायचं की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

रागावलेली, तरी तुझीच,
आत्या

११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझा रागच आला. बाबा जन्मभर तसंच सांगत आले, मी तेच लिहिलं. तरी मोजलं. जमिनीपासून आईच्या रेघेपर्यंत दोरा धरला, कपाळाएवढा कमी केला आणि दालनात नेला. पहिल्या चित्राच्या बरोबर मध्यावर आला. दुसऱ्याच्याही. एकवीस चित्रं मोजली आणि तिथेच खाली बसलो. पन्नास वर्षं जो तो जरासा वाकून आईच्या डोळ्यांनी बघत आला, आणि मला पत्ता नाही.

छापलेल्या पुस्तिका वाटणार नाही. आईच्या हातोडीपासून सुरू होणारं नवं पहिलं पान सोबत आहे. तेच मोठं करून दारासमोर लावतो. काही चुकलं का, आईला विचार.

तुझ्या बोलण्याला पात्र,
ठोंब्या

१५ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पान दोनदा वाचलं. वहिनीने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. घसा बसल्याचं माझं नाटक चाललं नाही. चुकलं का विचारलं, तर म्हणाली, मजकूर राहू दे, लावणार किती उंचीवर ते विचार.

वीसला आम्ही दोघी येतोय. तोवर खिळा ठोकू नकोस. जागा ती भिंतीवर हात ठेवून दाखवणार आहे.

लोभ आहेच, आता जरा जास्त,
आत्या