चार पायऱ्यांचा सर्वांगीण विकास

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. उशीखाली ठेवणार.

काम साधं आहे. धाकटी बहीण आरोग्य केंद्रात नर्स, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. तिची मुलगी भिंगरी. चाकांच्या खुर्चीत बसून जागच्या जागी अशी गिरकी घेते की टेबलावरचं वर्तमानपत्र उडतं, म्हणून भिंगरी. कोपऱ्यावरच्या शाळेच्या हेडबाई तिला दुसरीत घ्यायला तयार आहेत. दुसरीचा वर्ग तळमजल्यावर. घोडं अडलंय ते दारापुढच्या चार पायऱ्यांवर. हेडबाई म्हणाल्या, पायऱ्यांशेजारी उतार बांधून द्या, दुरुस्तीसाठी बंद असलेली शाळा सात सप्टेंबरला उघडतेय, त्या दिवशी पोरीला आणा.

धाकटी म्हणाली की नाही जमलं तर दूरच्या वसतिगृहाची शाळा आहे, तिथली जागा सात तारखेपर्यंतच राखून ठेवलीय. भिंगरीने ताटात अर्धं जेवण टाकलं. मला ते बघवेना. तिथल्या तिथे जाहीर केलं की घाबरायचं कारण नाही, मामा बसलाय ना. ही म्हणाली, बसलाय हीच तर काळजी आहे.

बायकोचा विनोद मनाला लावून घ्यायचा नाही, हा माझा जुना नियम.

संकल्प: १) रोज एक तास उताराला. २) दुपारची झोप बंद.

४ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी उताराचा विचार करताना झोप लागली. पण झोपेतच खरी कल्पना सुचली, म्हणजे झोप कामी आली.

नुसता उतार म्हणजे तुकड्या-तुकड्यांत विचार करणं. मूल शाळेत पोहोचलं, पण उपाशी असेल तर शिकणार काय? पोट भरलं, पण आजारी असेल तर? शिक्षण, आरोग्य, अन्न, तिन्ही एकत्र हवं. एकात्मिक! पूर्ण वस्तीचा सर्वांगीण विकास, एकाच जागी, आणि उतार त्यात आपोआप येतो. विमा कंपनीत तीस वर्षं काढली, पण असं व्हिजन तिथे कुणाकडे नव्हतं. (असतं तर मला बढती मिळाली असती.)

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, दादा, आधी उतार कर. नर्स आहे ना. समोरची जखम बांधायची एवढंच त्यांना शिकवतात.

७ ऑगस्ट

सर्वांगीण विकास मंडळ स्थापन. मी अध्यक्ष. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर चिटणीस. सभासद शोधणं चालू. पहिल्या बैठकीत बॅनरचा रंग ठरला. पोस्टमास्तरांना पिवळा हवा होता, मला हिरवा. वेळ संपल्यामुळे उताराचा विषय पुढच्या बैठकीत.

भिंगरीने विचारलं की उतार केवढा होणार. मी म्हटलं, बैठकीत ठरेल. ती म्हणाली, बैठकीतल्या कुणाला खुर्ची चालवता येते? लहान मुलं काहीही विचारतात.

११ ऑगस्ट

गवंडी येऊन जागा बघून गेला. पायऱ्यांच्या डावीकडे भिंतीलगत लांबच लांब मोकळी पट्टी आहे, तिथे चुन्याने रेघा मारल्या. म्हणाला, साहेब, सांगाल तेव्हा सुरू करतो. मी म्हटलं, घाई नको, आराखडा एकात्मिक आहे. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. भारावला असावा.

१३ ऑगस्ट

अन्नसुरक्षेचा आज शुभारंभ! मुलांच्या जेवणाला ताजी भाजी हवी, तर ती शाळेतच पिकवली पाहिजे. आवारभर हिंडलो. मागे सावली, उजवीकडे नळाचा चिखल. ऊन फक्त डावीकडच्या भिंतीलगत. जागा मोकळी, वर कुणी चुन्याने रेघाही मारून ठेवलेल्या. वाफे आखायची मेहनत वाचली. पालक, मुळा, टोमॅटो. मी स्वतः कुदळ मारली. तीनदा. मग कंबर धरली.

१४ ऑगस्ट

कंबर. विश्रांती.

गवंडी ओरडत आला की उताराच्या जागेवर भाजी कुणी लावली. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. असा चिटणीस असल्यावर शत्रूची गरज काय? गवंड्याला समजावलं की उतार आखूड कर, म्हणजे दोन्ही बसेल. तो म्हणाला, आखूड केला तर उभा होईल, घसरगुंडीच ती. मी म्हटलं, माणसाने जुळवून घ्यायला शिकावं. तो म्हणाला, माणूस घेईल हो, उतार कसा घेईल?

कारागीर चांगला, पण दृष्टी नाही.

२० ऑगस्ट

आरोग्याची बाजू मार्गी लागली. मीच लावली. गुरुवारी डॉक्टर येणार, एरवी धाकटी वजन आणि बीपी बघणार. जागा मात्र तळमजल्यावरच हवी, कारण वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही. आपण सगळ्यांना सामावून घेणारे. हेडबाईंकडे दोन तास बसलो. त्या म्हणाल्या, तळमजल्यावर माझं ऑफिस आणि दुसरीचा वर्ग, एवढंच आहे. मी म्हटलं, मग दुसरी वर न्या, मुलांचे पाय तरुण असतात. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? नीट विचार केलाय ना? मी म्हटलं, बाई, मी विचाराशिवाय काही करतच नाही.

शेवटी त्यांनी हात जोडले. मोठी बाई. माझं मोठेपण ओळखलं.

२१ ऑगस्ट. रात्री जेवताना

सगळ्यांसमोर खोलीची बातमी दिली. टाळ्या अपेक्षित नव्हत्या, पण निदान कुणी वाटी तरी वाजवायची. मग भिंगरीने विचारलं, मामा, दुसरी वर गेली?

हो म्हटलं.

मग मी?

पाणी प्यायलो. अजून थोडं प्यायलो. सांगितलं की हा मुद्दा मंडळापुढे ठेवतो. ही ताट उचलून आत गेली. मला दुसऱ्यांदा आमटी मिळाली नाही.

२२ ऑगस्ट

मंडळापुढे मुद्दा ठेवला. मंडळ म्हणजे मी आणि पोस्टमास्तर. ते म्हणाले की भिंगरीला रोज उचलून वर नेता येईल, पाळ्या लावू. चांगली सूचना. घरी येऊन सांगितली. भिंगरी म्हणाली, मी पार्सल आहे का? पोस्टमास्तरांना कळवलं. त्यांनी मनाला लावून घेतलं.

आता बघा, मी काय चुकलो? अन्न हवं, बरोबर. आरोग्य हवं, बरोबर. म्हाताऱ्यांची सोय, बरोबर. प्रत्येक गोष्ट बरोबर, आणि सगळी मिळून माझ्या भाचीच्या आडवी आलीय. यात माझा दोष शोधणाऱ्याने आधी स्वतः काहीतरी करून दाखवावं. चिडचिड होते नुसती. मुळाही नीट उगवलेला नाही.

२८ ऑगस्ट

आखूड उतार बांधून झाला. वस्तीतली पोरं शाळा उघडायच्या आधीच जमली. पाटीवर बसून, पोत्यावर बसून, पालथी पडून घसरतायत. चौघांचे गुडघे फुटले. मंडळाच्या अहवालात लिहिलं: शारीरिक शिक्षणास उत्स्फूर्त प्रतिसाद, तसेच आरोग्य खोलीचे पहिले चार लाभार्थी.

भिंगरी खुर्ची घेऊन खाली उभी राहिली. वर पाहिलं. चाकं फिरवून बघितली, हातभर चढली, मागे आली. पुन्हा चढली, पुन्हा मागे. मग म्हणाली, घरी जाऊ या. वाटेत तिने एकही गिरकी घेतली नाही. मी बोलत होतो, ती ऐकत नव्हती.

१ सप्टेंबर

हेडबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, उपाय सोपा आहे. आरोग्य खोलीचं उद्घाटन रद्द करा, ती मोकळी करा, दुसरी खाली आणते. भाजी काढा, उतार लांब करा. अजून सहा दिवस आहेत.

सोपा! सहाला उद्घाटन. पत्रिका वाटून झाल्या. प्रमुख पाहुणे म्हणून आमचे माजी विभागीय व्यवस्थापक येणार. तीस वर्षांत या माणसाने माझं नाव कधी बरोबर घेतलं नाही. आता पत्रिकेवर छापलंय, म्हणजे घ्यावंच लागेल. विचारलं, आरोग्य खोली न्यायची कुठे? हेडबाई म्हणाल्या, तुमचं घर तळमजल्यावरच आहे ना? रस्त्याकडची खोली?

ती माझी अभ्यासिका आहे. तिथे मी विचार करतो. आरामखुर्ची आहे, पंखा आहे. सार्वजनिक कार्य वेगळं आणि घर वेगळं. एक दिवस मागून घेतला.

२ सप्टेंबर

अजून एक दिवस मागितला.

३ सप्टेंबर

धाकटीच्या खोलीत बॅग दिसली. छोटी, निळी. त्यात भिंगरीचे फ्रॉक, घड्या घातलेले. मी विचारलं, ही कशाला आत्ता? धाकटी म्हणाली, दादा, सातला इकडे नाही तर तिकडे, मी पोरीला अजून एक वर्ष घरी बसवणार नाही. रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

भिंगरी संध्याकाळी कॅरम खेळायला आली. मी हरलो. ती म्हणाली, मुद्दाम हरलास. मी नव्हतो हरलो मुद्दाम. लक्षच नव्हतं. भिंगरी गेली तर या घरात संध्याकाळी मला कोण हरवणार?

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

ठरलं. उद्या सकाळी उठल्याबरोबर स्वतः जाऊन सगळं मार्गी लावतो. उद्घाटन गेलं खड्ड्यात.

४ सप्टेंबर

सकाळी उठल्याबरोबर गेलो. आधी उतार तपासावा म्हणून वरून खाली निघालो. तपासला. गवंडी म्हणाला होता ते खरं आहे.

उजवा घोटा सुजलाय. धाकटीने पट्टी बांधली. माजी विभागीय व्यवस्थापकांना फोन करून उद्घाटन रद्द झाल्याचं कळवलं. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय?

पलंगावर आहे. पडल्या पडल्या सूत्रं हलवणार.

५ सप्टेंबर, शनिवार

सूत्रं कुणी हातात देईना. हाक मारली की ही येते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि जाते. बाहेर रहदारी वाढलीय. धाकटी आणि गवंडी दोन वाक्यं बोलले आणि निघाले. बैठक नाही, ठराव नाही. अशाने कामं होत नसतात.

दुपारी लंगडत दारापर्यंत गेलो. माझी अभ्यासिका रिकामी! आरामखुर्ची ओसरीत. टेबलाच्या जागी तपासणीचा पलंग, कोपऱ्यात वजनकाटा. भिंतीवर माझ्या निरोप समारंभाचा फोटो होता, तिथे डोळे तपासायचा तक्ता. मी विचारलं, कुणाला विचारून? ही म्हणाली, मला विचारून, आणि मी हो म्हटलं.

६ सप्टेंबर, रविवार

पोस्टमास्तर भेटायला आले. भाजी काढली म्हणे. मुळे बोटाएवढेच होते, तरी पोरांनी वाटून खाल्ले. टोमॅटो डब्यांत लावून शाळेच्या गच्चीवर नेले. तिथे तुमच्यापेक्षा जास्त ऊन आहे, असं ते म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, मी निवडलेल्या जागेपेक्षा. गवंड्याने आखूड उतार फोडला, भिंतीलगत लांब उतार ओतला, वस्तीतली सगळी हाताशी होती. दुसरीचे बाक खाली आले. मी विचारलं, मंडळाचा बॅनर कुठे लावला? ते म्हणाले, ओल्या सिमेंटवर ऊन लागू नये म्हणून पसरलाय.

झोप नाही. घोटा ठणकतोय, शिवाय सहा दिवसांचं काम माझ्याशिवाय दोन दिवसांत झालं. याला काही नियम नाही का? मग गेले पाच आठवडे मी काय करत होतो?

हा प्रश्न उद्या सोडवू.

७ सप्टेंबर, सोमवार

काठी घेऊन गेलो. भाषण खिशात. अख्खी वस्ती जमलेली. भिंगरी उताराच्या खालच्या टोकाला आली. मला वाटलं, आता मामाची गरज. पुढे होऊन खुर्चीची मूठ धरली.

ती मागे न बघता म्हणाली, मामा, हात काढ.

लोकांसमोर. मी हात काढला.

ती सावकाश चढली. मध्ये एकदा थांबली, श्वास घेतला. माझा हात परत उठला होता, हिने तो खाली धरून ठेवला. मग भिंगरी वर पोहोचली आणि दारात तिने अशी गरकन गिरकी घेतली की हेडबाई बाजूला झाल्या. पोरं ओरडली. धाकटी तेव्हा रडली. मीही. घोटा दुखत होता.

भाषण करायचं राहून गेलं. कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी ७

दिवसभर घरात बसायला जागा नव्हती. अभ्यासिकेत पेशंट, ओसरीत रांग. आरामखुर्चीवर एक आजोबा बसलेले. मला म्हणाले, नंबर लावा. लावला. धाकटीने माझंही बीपी घेतलं. वाढलंय म्हणाली.

भिंगरी साडेपाचला आली. मामीला सगळं सांगितलं, आईला पुन्हा सगळं सांगितलं. शेजारी कोण बसलं, कुणाचे दात पडलेत, बाई कशा हसतात. मी आपला वाट बघत होतो. शेवटी माझ्याकडे आली आणि विचारलं, मामा, तू आज काय केलंस?

पुष्कळ आठवून पाहिलं. खरं तेच सांगितलं. म्हटलं, काही नाही.

तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाली, छान. आता रोज तेच करत जा.