फ्रिजवरची काडेपेटी

मंगळवार, संध्याकाळ

पाळी का येत नाही, ते आज कळलं. हिंजवडीची रोजची ये-जा, जागरणं, थायरॉईड... मी किती कारणं शोधून ठेवली होती! डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "अगं, पाळी लांबलेली नाही, थांबत चाललीय. काहींची थांबते अशी, चाळिशीच्या आधीच." मूल? "आशा फार कमी आहे." नितीन पार्किंगमध्ये गाडीची किल्ली शोधत राहिला. ती त्याच्या हातातच होती.

आता सासूबाईंना कोण सांगणार? आमच्याकडे पाळीत मी देवाला शिवायचं नाही. तोंडाने सांगायची लाज, म्हणून लग्नापासून मी फ्रिजवरची दिव्याची काडेपेटी गुपचूप त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवते. मग चार दिवस दिवा त्या लावतात. आता तीन-चार महिने ती काडेपेटी त्यांच्या कपाशेजारी गेलेली नाही. त्या काही विचारत नाहीत, फक्त माझ्या दुधात केशर घालतात. घरी केलेली टेस्ट केव्हाच निगेटिव्ह आली, हे मी त्यांना सांगितलंच नाही. का नाही सांगितलं?

घरी आले तर त्यांनी वात घालून ठेवलेली. "लाव गं दिवा," म्हणाल्या. चेहरा नुसता उजळलेला. मी लावला.

त्या काडेपेटीचा किती राग राग केला मी, दर महिन्याला! आणि आज हात जोडून देवाकडे मागितलं काय, तर ती एकदा तरी त्यांच्या कपाशेजारी ठेवायला मिळू दे.