थोडीशी

मंगळवार, १२ तारीख
जेवणाची सुट्टी

प्रिय भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत, तूही असशील असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून बाबा म्हणाले, लिही तिला. पत्र निदान उघडून तरी बघेल. तेव्हा आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्येच रागावून बाजूला टाकू नकोस, रागवायच्या जागा पुढे भरपूर आहेत.

आधी घरचं सांगते. बाबांच्या दुकानात सध्या शाळेच्या गणवेशांची झुंबड आहे. परवा घाईघाईत त्यांनी एका पँटचे दोन्ही खिसे एकाच बाजूला शिवले आणि गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगितलं की हल्ली असंच चालतं. गिऱ्हाईक ती घालून गेलंसुद्धा. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी बसवून घेतली. गच्चीवरचं मांजर आता उघड उघड तुझ्या पलंगावर झोपतं. हुसकावायचं काम माझं आणि दूध घालायचं बाबांचं, त्यामुळे माझं कोण ऐकणार?

आता माझं. मला बढती मिळाली. गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून मी ऑफिसच्या इमारतीत बसते. स्वतंत्र खोली आहे, फिरती खुर्ची आहे, दारावर पाटी आहे, ‘महिला प्रगती प्रमुख’. प्रमुख मी, आणि माझ्या हाताखाली कोण, तर ती खुर्ची. काम म्हणशील तर पाहुणे आले की या यार्डातली पहिली क्रेन चालवणारी बाई म्हणून त्यांच्यापुढे उभं राहायचं. ते कौतुक करतात, चहा पितात, जातात. पगार कमी केलेला नाही. खोलीत हवा गार असते. घरून आणलेला डबा इथे बंद दाराआड एकटीनं खाते, आणि आज डबा तसाच ठेवून तुला लिहायला बसले आहे.

खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, म्हणून क्रेन दिसत नाही. आवाज मात्र येतो. नवा ऑपरेटर हुक खाली आणताना शेवटी धक्का देतो, आणि प्रत्येक धक्क्याला मी खुर्चीत दचकते. कुणी पाहिलं तर म्हणेल, बाई खरंच घाबरट आहे.

तर आलेच मी त्या विषयावर. टाळून टाळून किती टाळणार.

त्या कार्यक्रमानंतर तू फोन केलास, तेव्हा एकच प्रश्न विचारलास. म्हणालीस, ‘आई, तू घाबरत नाहीस. मग तसं का म्हणालीस?’ आणि मी तुला विचारलं, जेवलीस का. तू फोन ठेवलास तो आजतागायत उचललेला नाहीस. तुमच्या मास्तरांनी त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ अख्ख्या वर्गाला दाखवला, उंचीवर काम करायला छाती लागते म्हणून उदाहरण दिलं, आणि तू मागच्या बाकावर मान खाली घालून बसलीस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं.

व्हिडिओत जे दिसत नाही ते सांगते. तुमचं क्रेनचं शिक्षण त्या धड्यापर्यंत आलं आहे की नाही मला ठाऊक नाही, म्हणून नियमापासून सुरुवात करते. क्रेनवर बसलेल्या माणसानं खालच्या एकाच माणसाचे इशारे मानायचे. आपल्या इथे ते म्हणजे मामा. मामांनी हात वर केला तर वर, खाली केला तर खाली. साक्षात मालक आले आणि उचल म्हणाले तरी उचलायचं नाही. फक्त एक इशारा कुणाचाही चालतो, आणि तो म्हणजे थांबण्याचा. डोक्यावर दोन्ही हात हलवले की थांब. हात चहावाल्याचे असोत की वाट चुकून आत आलेल्या पाहुण्याचे, क्रेन जिथे आहे तिथे थांबवायची. आणि एकदा थांबली की मामा स्वतः चल म्हणेपर्यंत हलवायची नाही. मामांनी मला पहिल्या दिवशी हे शिकवलं, तेव्हा तू पोटात होतीस. हे मी बाकी कुणाला सांगितलेलं नव्हतं, मामांनी मात्र माझं जिना चढणं बघून ओळखलं होतं.

त्या दिवशी यार्डातल्या बायकांचा गौरव होता. नोकरभरती बघणाऱ्या पर्सोनेलच्या मॅडमनी सगळं मांडलं होतं. बाई बारकाईनं काम करणारी आहे, वाईट नाही. मी क्रेननं फुलांनी सजवलेला मोठा फलक वरून आणायचा आणि स्टेजसमोर अलगद उतरवायचा, असं ठरलं होतं. चार वेळा तालीम झाली. फलक कसला, चादरीएवढं कापड आणि लोखंडी चौकट. मी बारा टनांच्या तुळया जमिनीला कळू न देता ठेवते, माझ्यासाठी तो फलक म्हणजे खेळणं.

ऐन वेळी मॅडमच्या लक्षात आलं की मामांचं तेलकट जाकीट फोटोत येतंय. त्यांनी मामांना मांडवामागे खुर्च्या मोजायला पाठवलं. मामांनी खाली आणायचा इशारा आधीच दिला होता आणि माझी नजर फलकावर होती, म्हणून मला हे वरून दिसलं नाही. मी फलक निम्म्यावर आणला, तेव्हा खाली मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन पुढे आले आणि फोटोवाल्याच्या सांगण्यावरून वर बघून दोन्ही हात डोक्यावर हलवू लागले. त्यांना वाटलं, ते मला अभिवादन करताहेत. मी थांबले.

दुसरं काही करायची सोयच नव्हती, भिंगरी. हात डोक्यावर हलत होते, मी थांबले. मग मामांना शोधलं तर मामा जागेवर नाहीत. फलक टांगलेला, खाली माणसं. कुणाच्या इशाऱ्यावर खाली आणू? आधी टाळ्या झाल्या, मग शांतता, मग कुणीतरी हसलं. साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, ‘बाई जरा घाबरल्या वाटतं. टाळ्या वाजवा, धीर येईल त्यांना.’ आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. ट्रकांचं वजन करणाऱ्या आपल्या तोलकाट्यावरच्या मुलीसुद्धा. मामा गर्दीतून वाट काढत धावत आले, इशारा दिला, मी फलक उतरवला. अलगदच उतरवला. पण तोवर तिकडे कोण बघतंय!

जिना उतरून स्टेजवर गेले. साहेबांनी हातात मानचिन्ह दिलं, माइक माझ्या तोंडापुढे धरला आणि हसत विचारलं, ‘घाबरलात ना? चालायचंच.’

व्हिडिओ इथे संपतो, माझ्या आवाजावर. मी म्हणते, ‘थोडीशी.’

का म्हणाले ते आता लिहिते. बाबांनासुद्धा अजून पुरतं सांगितलेलं नाही. त्या सकाळी मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या होत्या की कार्यक्रम नीट पार पडला तर साहेब शेवटी दोन जागा जाहीर करणार आहेत, क्रेनवर, फक्त मुलींसाठी. आणि आलेल्या अर्जांत तुझा अर्ज सगळ्यांत वर आहे. तुला अर्ज टाकून महिने झाले होते, तू विचारायचीही सोडली होतीस. मी ते ऐकल्यापासून जमिनीवर नव्हतेच. तू परत घरी राहायला येणार, आपण दोघी एकाच गेटमधून आत जाणार, खालून मामा तुला हात करणार. तोलकाट्यापासून कँटीनपर्यंत मी आडून आडून सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

माइक तोंडापुढे आला तेव्हा मनात एवढंच आलं, की पाहुण्यांसमोर साहेबांना ‘तुम्ही चुकलात’ म्हटलं तर भिंगरीची जागा जाईल. खरं बोलायला दोन वाक्यं लागली असती. मला एका शब्दात सुटायचं होतं. वाटलं, माझं काय, चार दिवस लोक हसतील, आणि ती एकदा केबिनमध्ये बसली की सगळ्यांची बोलती बंद होईल.

त्या दिवशी साहेबांनी जागा जाहीर केल्या नाहीत. मला वाटलं, विसरले असतील. म्हणून तुझ्या प्रश्नाला जेवलीस का म्हणाले. जागेची बातमी हातात आली की तुला सगळं एकदमच सांगणार होते.

आठवड्यानं मला या खोलीत आणून बसवलं. तुमच्या सोयीसाठी, म्हणाले. आणि दोन्ही जागा रद्द केल्या. कारण काय, तर जिचं आयुष्य क्रेनवर गेलं त्या बाईलाच भीती वाटते, मग कोवळ्या मुलींना कशाला धोक्यात घालायचं. भिंगरी, तुझी जागा गेली. तुझा अर्ज नाकारल्याचा कागद काल इथून निघाला आहे, तुझ्या वसतिगृहावर येईल. तो माझ्या पत्राआधी पोचू नये, एवढंच मागते आहे.

मी गप्प बसले असं समजू नकोस. मामांना घेऊन साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, नियम सांगितला, हात कसे हलवले तेही दाखवलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहासुद्धा मागवला. मग म्हणाले, ‘पण थोडीशी असं तुम्हीच म्हणालात ना? सगळ्यांनी ऐकलंय.’ मामा मध्ये पडले, म्हणाले, ताई चुकल्या नाहीत, मी जागेवर असतो तर हे झालंच नसतं. साहेब मामांकडे वळले आणि विचारलं, ‘मग जागा का सोडलीत? काम चालू असताना जागा सोडणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना?’

ज्यांनी जागा सोडायला लावली त्या मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हातातले कागद सारखे केले. मामांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. मी मामांची बाही धरली आणि त्यांना बाहेर आणलं. जिन्यात ते लहान मुलासारखे रडले. मी रडले नाही, मला त्यांना सावरायचं होतं.

संध्याकाळी मॅडम माझ्या खोलीत आल्या. दार लावून म्हणाल्या, ‘वरच्या मजल्यावर मी एकटीच बाई आहे हो. मला टिकायचंय.’ मी त्यांचा मनापासून राग करायचा ठरवला होता. पुरता जमला नाही. मी तरी वेगळं काय केलं होतं?

पण सगळ्यांत जास्त लागलं ते याहून लहान होतं. तोलकाट्यावरची ती कुरळ्या केसांची मुलगी, जी मला वर न्या, शिकवा म्हणून कायम मागे लागायची, ती काल गेटवर भेटली. मी म्हटलं, येत जा की, खोलीत बसून तोंडी शिकवीन. तर म्हणाली, ‘नको मावशी. तुम्हालाच भीती वाटते म्हटल्यावर आमचं कुठलं धाडस.’ चांगल्या मनानं म्हणाली. माझा हातही दाबला. मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिची बस आली.

इतकी वर्षं मी त्या जिन्यावरून चढले. तापात चढले, तुझी आजी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चढले. कधी कुणाच्या पायाला ओरखडा येऊ दिला नाही. एवढ्या वर्षांत कुणी माझ्या नावानं टाळी वाजवली नव्हती, आणि वाजवली तेव्हा ती मी भित्री म्हणून. माझी क्रेन गेली, गं. मला ती फार प्रिय होती. कामाला कुणी प्रिय म्हणतं का, पण होती. आणि तुझी जागा मी माझ्या तोंडानं घालवली. तुला मिळावी म्हणून उच्चारलेल्या शब्दानंच घालवली.

आता माझं ऐक. शिक्षण सोडू नकोस. परीक्षा दे आणि दुसरीकडे कुठेही अर्ज कर, लांबच्या गावी कर. इथे येऊ नकोस. मी ज्या जिन्यानं चढत होते तो पाहिला की तुला रोज माझाच आवाज आठवेल. तुझ्यापुढे कुणी माइक धरला तर दोन वाक्यं लागली तरी दोन बोल, समोर कुणी का असेना, आणि माझा विचार मनात आणू नकोस.

मानचिन्ह बाबांनी कपाटावर ठेवलंय. त्यांना वाटतं, मला त्यानं बरं वाटेल. राहू दे म्हटलं.

आणि एक. तुमच्या वर्गात, किंवा उद्या कामावर, कुणी तो व्हिडिओ काढून विचारेल की ही बाई तुझी कोण. आडनाव एकच आहे, विचारणारच. तेव्हा मान खाली घालू नकोस. कुणी नाही म्हणून सांग. ओळखत नाही म्हण आणि आपल्या कामाला लाग.

मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होते. पण एकदा खोटं बोलून काय झालं ते पाहिलंस. वाईट वाटेल. तरीही तसंच सांग.

तुझी,
आई