सशांना फळ कोण घालतंय?

११ एप्रिल १९५९, शनिवार
मिरीचं मागचं अंग आज पुन्हा बरबटलेलं! आठवड्यात तिसऱ्यांदा. पिंजऱ्यात केळ्याची साल, कोपऱ्यात फणसाच्या दोन आठळ्या. आठळ्या! सशाच्या पिंजऱ्यात!

सकाळी सातला मी शाळेत जाते, अकराला परत येते. तेवढ्या चार तासांत कोण येऊन घालतं हे? बाबांना विचारलं. म्हणाले, "कोण येवक् नाय गो." त्यांना तरी काय दिसणार, पेपर वाचत बसलेले असतात.

सत्यवानाला काय, शिमग्याला मुंबईहून आला, दोन ससे ओटीवर ठेवले. "आई गेल्यापासून बाबांना करमत नाही, ताई. त्यांना सोबत." आणि गेला आपल्या बायकोमुलांत. पांढऱ्याचं नाव कापूस, काळीचं मिरी. नावं ठेवायला तो, घाण काढायला मी!

१२ एप्रिल
गुरांच्या डॉक्टरांच्या घरी गेले. हसले. "बाई, मी बैलांचा डॉक्टर." पण शिकताना त्यांनी ससे पाळले होते, म्हणून नीट सांगितलं. सशाचं पोट गवतावर चालतं. दिवसभर गवत, हरळी, स्वच्छ पाणी. फळ म्हणजे खाऊ, जेवण नव्हे. करंगळीच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा, बी काढून. "तो नको म्हणणार नाही. द्याल तेवढं खाईल. गोड पोटात आंबतं, पोट फुगतं, आणि सशाचं पोट एकदा थांबलं की फार वेळ मिळत नाही."

घरी येऊन पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — फळ घालू नये — आणि पिंजऱ्याला बांधलं. बाबा म्हणाले, "तो तुकडो तरी मी दिव मां?" कसं नाही म्हणू? ठरलं. बुधवारी आणि रविवारी, बाबांच्या हातून. करंगळी पुढे करून पेर मोजून घेतलं त्यांनी. छत्तीस वर्षं बंदरावर कारकुनी केलेला माणूस — सगळं मापात.

१५ एप्रिल
बुधवार. बाबांनी तुकडा दिला. मिरी बरी आहे.

१८ एप्रिल
सापडली!

शाळेतून येते तो शेजारची मथुरा आमच्या पिंजऱ्यापाशी वाकलेली. हातात केळ्याचा तुकडा! बाजूला काजूच्या बोंडवांची टोपली. मी तिथूनच ओरडले. तिने तुकडा पदरात लपवला — लपवला! मी डोळ्यांनी पाहिलं.

"मथुरा, पुठ्ठ्यावर काय लिहिलंय?"

"माका खंय वाचूक येता गो?"

"मग तोंडाने दहादा सांगितलं ते?"

"मी घालूक नाय, जानकी. एक बोंडू जरी घातलंय आसात तर हात झडांदे माझो."

"हातातलं काय मग?"

तिने बाबांकडे बघितलं आणि टोपली उचलून मधल्या दगडी गडग्यापलीकडे गेली. बाबा भिडस्त माणूस. शेजारणीला कोण बोलणार! मीच वाईट व्हायचं सगळ्यांत.

२१ एप्रिल
कापूस खात नाही. काल दुपारपासून लेंडी नाही. पोक काढून कोपऱ्यात बसलाय, दात करकर वाजवतो. पोट ढोलकं. डॉक्टर नांदगावला गेलेत, परवा येणार. पोट चोळत बसले. पाणी बोटाने तोंडाला लावलं, गिळत नाही.

कोवळी हरळी समोर धरली. हुंगलीसुद्धा नाही.

२२ एप्रिल
कापूस पहाटे गेला.

बाबांनी माडाच्या बुंध्याशी खड्डा खणला. पंच्याने डोळे पुसत होते. ते पाहिलं आणि माझा तोल गेला. गडग्याशी जाऊन ओरडले, "मथुरा! घेतलास ना जीव? झालं समाधान?" सगळी वाडी बाहेर आली. ती मागच्या दारी मासे साफ करत होती. मान वर केली नाही.

निर्लज्ज!

२३ एप्रिल
जेवताना बाबा म्हणाले, "कापूस खंय गेलो गो? दिसाक् नाय सकाळपासून." माझा घास हातातच राहिला. दुःखाने माणूस किती सैरभैर होतो. आणि हे सगळं त्या बाईमुळे.

२४ एप्रिल
शाळेत जाताना मथुरा समोरून आली. मी रस्ता बदलला.

२ मे
पाहिलं ते लिहून ठेवते.

कालपासून सुट्टी. आज ओटीवर न बसता आत खिडकीशी पेपर तपासायला बसले. म्हटलं, आता येऊ दे कोण येतं ते. रंगेहाथ धरते.

साडेआठला बाबा आले. पडवीतल्या घडाचं केळं सोललं. करंगळी लावून तुकडा मोजला. मिरीला दिला. "घे गो बाय. आजचो तुकडो." तिच्या कपाळावरून बोट फिरवलं, आत गेले. आज शनिवार. तुकड्याचा वार नव्हे. म्हटलं, असू दे, चुकले असतील.

पावणेनऊला परत आले. करंगळी लावली, तुकडा मोजला. "घे गो बाय. आजचो तुकडो."

नऊला परत.

सव्वानऊच्या आधी परत. तेच शब्द. तोच आवाज. तीच माया.

पाचव्या वेळी मी बाहेर गेले. "बाबा, किती वेळा दिलात?"

"किती म्हणजे? ह्यो पयलोच."

"बाबा, चार वेळा दिलात. मी बघितलं."

रागावले. माझ्यावर असे कधी रागावले नव्हते. "खोटां बोलतंय मी? तुझो नेम मोडलंय कधी? बघ — पेराएवढोच आसा!" आणि तुकडा माझ्यासमोर धरला. करंगळीच्या पेराएवढाच होता. बरोब्बर.

पन्नास बोटींच्या वेळा तोंडपाठ असायच्या या माणसाला.

आता कोणावर ओरडू?

३ मे
मथुराकडे गेले. दारातच उभी राहिले. तिनेच पाट दिला.

"बगलंस मां?"

"तुला माहीत होतं?"

"दिवाळीपासून. तू शाळेत गेलंस की दोनदा पेज मागतत. कधी बंदरावर जावक् निघतत, छत्री घेवन. मी परतवून आणतंय."

"मग त्या दिवशी तुझ्या हातातला तुकडा —"

"त्यांच्याच हातातलो काडून घेतलंय. आणि बोंडू मिठात घालूक तुका आणलंय."

"बोलली का नाहीस? वाडीसमोर एवढं ऐकून घेतलंस!"

"कसा सांगू गो? तुझो बापूस. सगळ्यांच्या देखत तेंका वेडो ठरवू?"

मी तिथेच रडले. संताप अजून आहे — पण आता माझाच मला. दिवाळीपासून सहा महिने झाले, त्याच घरात राहते मी. शाळेतल्या चाळीस पोरींची हजेरी घेते. बाबांकडे बघितलं नाही.

निघताना तिने कोवळ्या हरळीचा भारा दिला. "घड घरात नेवन झाकून ठेव. पिंजऱ्याबाजूक ह्यां ठेव. कितीय वेळा घातल्यानी तरी काय बिघडता?"

एवढं साधं! मला सुचलं नाही.

६ मे
सत्यवानाला पत्र टाकलं. सगळं लिहिलं. 'सोबत म्हणून ससे दिलेस, आता स्वतः ये' असंही लिहिलं. कडक लिहिलंय. बदलणार नाही.

१० मे
बाबांनी आज मिरीला एकोणीस वेळा हरळी घातली. मी मोजलं. दर वेळी "आजचो पयलो". मिरी दर वेळी खाते. लेंडी कोरडी, गोल, भरपूर. मथुरा सकाळभर ओटीवर बसून मासळी निवडते, बाबांशी बोलते. मी तिच्यापुढे अजून मान वर करू शकत नाही. तीच म्हणते, "चाय टाक गो."

१७ मे
संध्याकाळी पिंजऱ्याशी गेले. बाबा तिथेच होते. मला पाहून जरा सरकले, परक्या बाईला जागा देतात तसे, अदबीने. मग हळू आवाजात म्हणाले, "ससो बगूक इलास? बगा. पण फळ तेवढां घालू नकात हां बाय. आमच्या जानकीक चलना नाय. लय रागावता ती."

मी म्हटलं, "नाय घालूचंय."